परांचीची ओळ

"एवढी ही ओळ काढून टाका, ताई. बाकी सगळं मंजूर," ऋतुराज शेठ म्हणाला आणि त्याने भुवनेश्वरीचा मोबाईल टेबलावरून तिच्याकडे सरकवला. वय जेमतेम तिशीचं, पण चिंचोळी एमआयडीसीत स्वतःचा शेंगाचटणीचा कारखाना, म्हणून शेठ.

कारखान्याचं नवं शेड आतून-बाहेरून रंगवायचं होतं. उंची अशी, की वर बघताना डोक्यावरचा पदर घसरावा. भुवनेश्वरीच्या वाट्याला एवढं मोठं काम आजवर आलं नव्हतं. खोल्या आणि जिने रंगवून तिची माणसं कंटाळली होती. हे एक काम हाती लागलं असतं, तर एमआयडीसीत तिचं नाव झालं असतं.

आणि शेठला नको असलेली ओळ होती परांचीची. माणसांनी उभं राहून काम करायचा लोखंडी सांगाडा, भाड्याने, काम संपेपर्यंत.

आता ही ओळ शेठच्या नजरेत भरली कशी? तर त्या अ‍ॅपपायी! रंगकामाचं कोटेशन म्हणजे फुटाला एक दर, ही इथली रीत. त्यातच रंग, त्यातच मजुरी, त्यातच परांची, आणि गिऱ्हाईक घासाघीस करणारच म्हणून वर चढवलेला भावही त्यातच. चहा होईतो दर खाली यायचा आणि दोघेही आपणच जिंकलो म्हणत उठायचे. भुवनेश्वरीने मात्र नवी पेठेतल्या रंगवाल्याच्या सांगण्यावरून मोबाईलवर कोटेशनचं अ‍ॅप घेतलं आणि डोकं खाजवत शिकली. मोजमाप टाकलं की रंग, माणसं, परांची, नफा, सगळं वेगवेगळ्या ओळीत. चढवलेला भाव कुठेच नाही.

"हे म्हंजे हात दाखवून अवलक्षण," तिचा नवरा तिप्पण्णा म्हणाला होता. "उघडं दाखवलंस की गिऱ्हाईक नेमकं तितंच कात्री लावतंय बघ. परांची दरात मुरवून टाक की, भुवना."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी काय चोरी केली व्हय?" तिने त्याला गप्प केलं होतं.

आणि कात्री नेमकी तिथेच लागली. नवऱ्याचं म्हणणं खरं ठरलं, याचाच तिला जास्त राग आला.

"तो दुसरा रंगकंत्राटदार, बिभीषण, काल येऊन गेला," शेठ म्हणाला. "त्याच्या कोटेशनमध्ये परांचीच नाही. शिडी आणि दोरावर करतो म्हणतोय."

"त्येच्यात नसंल. माज्यात हाय."

"मग भाव जुळणार कसा?"

"नफ्याची ओळ बी तितंच हाय, शेठ. त्यातला निम्मा सोडते. परांचीला हात लावू नका."

"निम्म्याने नाही भागत, ताई. बिभीषणच्या आकड्यावर या, आत्ता सही करतो. पुढच्या वर्षी दुसरं शेड आहे, तेही तुमचंच."

ओळीच्या शेजारी कचऱ्याच्या डब्याचं चिमुकलं चित्र होतं. बोट टेकवलं की ओळ गायब. तिचं बोट पुढे गेलंही. खोटं कशाला बोला, मोह कुणाला सुटलाय!

पण तिला होटगीचं गोदाम आठवलं. तेव्हा धंदा तिप्पण्णा बघायचा. घासाघिशीत दर उतरला, आणि त्याच्या पोटातली परांचीही उतरली. ती कुणी काढली, केव्हा काढली, कुणाला कळलंदेखील नाही. तिप्पण्णा शिडी लावून चढला आणि खाली आला तो कंबर मोडून. तेव्हापासून काठीशिवाय त्याचं पाऊल उचलत नाही. गोदामाचा मालक दवाखान्यात येऊन म्हणाला होता, मी कुठे परांची नको म्हटलं होतं? खरंच होतं ते. त्याने तसं म्हटलंच नव्हतं.

भुवनेश्वरीने बोट मागे घेतलं.

"शेठ, परांची नको आसंल तर तसं तुमच्या हातानं खोडा. मी खोडनार न्हाय. आन् तुमी खोडल्यावर माजं मानूस चढनार न्हाय."

शेठने कपाळाला आठ्या घातल्या. त्यानेही बोट लावलं नाही. "बघा, विचार करा," एवढंच म्हणाला.

"लई वर्सं तेच करतोय आमी," असं म्हणून ती उठली. काम गेलं.

घरी तिप्पण्णा दारातच बसला होता. तिचा चेहरा बघून त्याला सगळं कळलं. आता टोमणा येणार म्हणून ती कंबर कसून उभी राहिली.

"त्या येळी तू हिशेबाला बसाया पायजे हुतीस," तो म्हणाला आणि तोंड फिरवून काठी चाचपू लागला. तिला रडू आलं. तिने ते चुलीच्या धुरावर ढकललं नाही, कारण घरात गॅस होता. सरळ पदराने डोळे पुसले.

दोन दिवसांनी तिचा जुना रंगारी जोतिराम अंगणात येऊन उभा राहिला. मान खाली.

"अक्का, रागावू नका. बिभीषणनं बोलावलंय. त्याच शेडवर."

"दोरावर चढनार?"

"हाताला काम न्हाय, अक्का. पोरींच्या फिया थांबत्यात व्हय?"

तिच्या जिभेवर आलेल्या शिव्या जिभेवरच राहिल्या. काम तिने सोडलं होतं. त्याची चूल त्याने का विझवावी? ती आत गेली आणि उंचावरच्या कामाचा सुरक्षापट्टा घेऊन आली. शेडच्या कामासाठी हौसेने आणलेला, अजून कोरा. जोतिरामच्या छातीवरून, कंबरेवरून तिने तो स्वतः आवळला आणि आकडा दोनदा ओढून बघितला.

"बिभीषण हसंल, अक्का."

"हसू दे. ह्यो तुला दिला न्हाय, वापराया दिलाय. काम झालं की परत पायजे. दुसऱ्याच्या हाती धाडायचा न्हाय. तुज्या पायानं चालत यायचं, आन् तुज्या हातानं द्यायचा. कळलं?"

"व्हय, अक्का."

पट्टा न सोडताच तो सायकलवर बसला आणि कामावर गेला.