हशा

आईचे तेरा दिवस करून मी फेब्रुवारी २००९मध्ये दुबईला परतले, तेव्हा ऑफिसातली निम्मी टेबलं रिकामी होती. मंदी. दर गुरुवारी आणखी एकदोन माणसं खोकं उचलून जात. व्हिसा रद्द, महिन्याभरात देश सोडायचा.

साइट मीटिंगमध्ये आम्ही नऊ इंजिनियर, त्यात बाई मी एकटी. म्हणून मिनिट्स मी लिहायचे. "तुझं अक्षर छान आहे गं, ईशानी," असं आमचे प्रोजेक्ट मॅनेजर हेमचंद्र सर म्हणायचे. मी लिहायचे लॅपटॉपवर.

सुट्टीवर जाण्याआधीच्या मीटिंगमध्ये मी म्हणाले होते, सामानाच्या लिफ्टचा ब्रेक तपासा, तोवर ती बंद ठेवा. "मॅडम को चक्कर आता है क्या?" शार्दूलने विचारलं. सगळे हसले. पुढच्याच आठवड्यात लिफ्ट निसटली आणि गुहागरच्या विघ्नेश नावाच्या मजुराचा पाय चिरडला.

परतल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"आईचं ऐकून वाईट वाटलं. बस. ते मिनिट्स अजून मंजूर झालेले नाहीत. लिफ्टची ओळ तेवढी काढून टाक."

"आणि विघ्नेश?"

"त्याने जास्त माल भरला. रिपोर्ट तसाच जातोय."

"मी बोलले होते, सर."

"अगं, कुणी मनावर घेतलं का? मग झालं तर. हे बघ बेटा, गुरुवारची यादी मीच करतो. एकटी मुलगी तू, या दिवसांत नोकरी गेली की खलास."

आई रत्नागिरीला जिल्हा परिषदेत लघुलेखक होती. सभेच्या इतिवृत्तात ती कंसात 'हशा' लिहायची. लोक हसले हे कशाला लिहितेस, असं मी लहानपणी विचारलं होतं. वही मिटत ती म्हणाली होती, "हसले, म्हणजे ऐकलं होतं."

तिच्या जाण्यानंतर मी अजून रडले नव्हते. त्या संध्याकाळी अल नहदाच्या बसमध्ये रडले, आणि घरी पोचल्यावर मिनिट्समध्ये एक शब्द वाढवला.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी मागचे मिनिट्स नेहमीसारखे मोठ्याने वाचले. लिफ्टची ओळ वाचली. शार्दूलचं वाक्य वाचलं. मग वाचलं, "हशा."

या वेळी कुणी हसलं नाही.

"यल्ला, पुढचा विषय," सर म्हणाले.

"आधी मंजुरीच्या सह्या, सर. कुणाला काही चुकीचं वाटत असेल तर सांगावं. तेही लिहून घेते."

मी पहिली सही केली आणि कागद शार्दूलपुढे सरकवला. तो सरांकडे बघत राहिला. मी पेनही पुढे केलं.

तो बुधवार होता.