विनीची ओळ

सिरिल हॅगसचं शेवटचं नाटक लंडनमध्ये पडलं, त्याला अकरा वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून तो बेक्सहिलला समुद्रकाठच्या एका भाड्याच्या खोलीत राहत होता. सकाळी टेबलाशी बसायचा, पेन्सिलींना टोक काढायचा आणि दुपारी जेवणाची घंटा झाली की उठायचा. जेवणाच्या टेबलाभोवतीची म्हातारी भाडेकरू मंडळी हवेबद्दल बोलायची. आपण नाटककार होतो हे त्याने सुरुवातीला एकदोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

एकोणीसशे बासष्टच्या मार्चमध्ये त्याच्या जन्मगावाहून, यॉर्कशरमधल्या हॅदरशॉहून, पत्र आलं. तिथली हौशी मंडळी चर्चच्या सभागृहात त्याचं 'मागे राहिलेली' करणार होती. शनिवारी दुपारच्या प्रयोगाला लेखकाने यावं, अशी विनंती होती.

याच नाटकाने त्याला नाव दिलं होतं. लंडनमध्ये ते दोन वर्षं चाललं. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी मोठी बहीण ठरलेलं लग्न मोडते, धाकट्या भावाला लंडनला पाठवते आणि शेवटी खिडकीशी रडत म्हणते, "माझ्यासाठी कुणीच थांबलं नाही." त्या ओळीला प्रेक्षकांत हमखास रुमाल निघायचे. बहीण कोण, हे हॅदरशॉत कुणाला सांगावं लागलं नाही. त्यानंतर विनीने, म्हणजे विनिफ्रेडने, भावाच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. एकोणतीस वर्षं.

तो गेला. सभागृहाच्या दारात मंडळाच्या चिटणीस मिसेस थ्वेट वाट पाहत होत्या. "या या, मिस्टर हॅगस! गाडीत गारठलात ना? आधी चहा घ्या."

कप हातात घेऊन त्याने जमेल तितक्या सहज विचारलं, "माझी बहीण... अजून गावातच असते का?"

"म्हणजे काय! प्रॉम्प्टर आहेत त्या आमच्या. हे नाटक करायचा हट्टही त्यांचाच. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

"नाही," सिरिल म्हणाला.

त्याला पहिल्या रांगेत बसवलं. पहिले दोन अंक त्याच्या मनासारखे नाही, पण ठीक चालले. बहिणीचं काम करणारी बाई शाळेत स्वयंपाक करणारी होती. तिसऱ्या अंकात भाऊ बॅग उचलून निघाला. आता ती खिडकीशी जाणार, म्हणून सिरिल सावरून बसला. ती गेलीच नाही. तिने टेबलावरच्या बशा गोळा केल्या आणि मान वर न करता म्हणाली, "जा आता. गाडी चुकेल." मग बशा पुसत राहिली, पडदा पडेपर्यंत. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

सिरिल टाळ्या थांबायच्या आत उठून विंगेत गेला. विनी स्टुलावर बसून नाटकाच्या प्रतीला दोरी बांधत होती. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"तू माझी ओळ कापलीस," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून हेच पहिलं वाक्य निघालं.

"तुझीच होती ती. माझी नव्हतीच कधी."

"मग तू रडली नाहीस?"

"कधी रडणार? आईला कूस बदलून द्यायची होती. तू गेलास, मी भांडी आवरली आणि तुझ्या खोलीची खिडकी उघडली. किती घाण तंबाखू ओढायचास!"

"आणि तो फ्रँक? त्याच्याशी ठरलेलं लग्न मोडलंस ते?"

"फ्रँक!" विनी हसली. "अरे, मला तो आवडतच नव्हता. सूप पिताना भुरके मारायचा. आईचं निमित्त सापडलं म्हणून सुटले. आणि तू त्याला लंडनभर माझा प्रियकर करून बसवलास! मी दुकानात शिरले की बायका आवाज खाली करायच्या. सगळं गाव माझी कीव करत आलंय, सिरिल."

"मला लिहायचं होतंस."

"तू विचारायचं होतंस."

तो म्हणाला, "तुझा शेवट जास्त चांगला आहे."

"ठाऊक आहे मला."

"घरी येऊ का? थोडा वेळ?"

तिने कोट चढवला, बटणं लावली. "आज नको. मला एकटीने चहा घ्यायची सवय आहे. आणि तू आलास की मी काय बोलते तेच बघत बसशील." पण जाता जाता तिने त्याच्या मफलरचं सुटलेलं टोक आत खोचलं. "नीट जा," म्हणाली.

परतीच्या गाडीत लीड्सपर्यंत डब्यात तो एकटाच होता. घर सोडलं त्या दिवशी विनी कशी दिसत होती, हे त्याने आठवून पाहिलं. दारात उभी होती की टेबलापाशी? अंगात काय होतं? पुन्हा पुन्हा आठवलं, तरी दरवेळी डोळ्यांपुढे यायचा तो लंडनच्या प्रयोगातल्या नटीचा रंग लावलेला चेहरा. त्या दिवशी त्याने मागे वळून पाहिलंच नव्हतं.