येसूर कोरडा असतो तोवर

आईच्या दुकानाचा वास आधी येतो आणि दुकान नंतर दिसतं. धने, बाजरी, हरभऱ्याची डाळ, खोबरं, लाल मिरची, सगळं भाजलेलं. यंदा मी लातूरहून आले तेव्हा वास आला नाही. रिक्षा दुकानावरून पुढे निघून गेली आणि मलाच तिला मागे वळवावं लागलं.

आई माघात गेली. मी शिकवते त्या कॉलेजला सुट्टी लागताच आले, कारण उन्हाळा हा कांडपाचा हंगाम, आणि या दिवसांत तिचं यंत्र बंद असलेलं मला कधी आठवत नाही. आमची वस्ती जिथे संपते आणि वरची गल्ली सुरू होते, तिथे तिचं ‘विठाबाई मिरची कांडप’. वरच्या गल्लीतल्या बायका घरी धान्यं-मसाले भाजून डबे घेऊन यायच्या, यंत्राशेजारी गप्पा मारत बसायच्या आणि वर्षाचा येसूर, म्हणजे आमटीचा कोरडा मसाला, कुटून न्यायच्या. आम्ही बौद्ध. पण कोरड्याला विटाळ लागत नाही, पाणी लागलं की लागतो, हा नियम कुणी न सांगता सगळ्यांना ठाऊक होता. आईनं त्या नियमावरच धंदा उभा केला आणि त्यातून मला शिकवलं.

मनातून तिला आमटीची खानावळ काढायची होती. दिवाळीला तिनं मोठं पातेलं घेतलं, सुताराकडून बाकडी करून घेतली. मला म्हणाली, “माझा मसाला सगळं गाव खातंय गं, पण घरी नेऊन. माझ्यापुढं बसून कुणी ‘अजून वाढ’ म्हनलं न्हाय.”

“आपली माणसं म्हणतील की.”

“आपली म्हनतेतच. त्यांचं वेगळं.”

पहिल्या दिवशी कुणी यायचं, हेही तिनं ठरवलं होतं. वरच्या गल्लीतल्या शिवकांताकाकू. माझ्या जन्माआधीपासून त्या आईकडे कांडपाला यायच्या. दोघी एकमेकींच्या सुखदुःखात होत्या, फक्त ताटात नव्हत्या. आईनं विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, “बघू की.” मग थंडीत आईचा दमा बळावला आणि ते बघणं तसंच राहिलं.

मी ठरवलं, एक रविवार तरी तिची खानावळ लावायची. पुढे चालवायची की नाही, ते नंतर.

शेजारी इंद्रजितचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वस्तीतल्या पोरांनी एक ग्रुप काढलाय, आपल्या माणसांच्या दुकानातून घ्या म्हणून. चप्पल, शिलाई, केस कापणं, बँड, सगळ्याची माहिती त्यावर असते. त्यानं आमटीची बातमी लगेच टाकली.

“ताई, पातेलं पुरायचं न्हाय बघा. आपलीच माणसं तळ गाठतील.”

“वरच्या गल्लीतही सांग ना.”

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “कशाला? मावशीनं जलमभर त्यांचंच कुटलं. त्यांच्यासाठी झुरायचं आता बंद करा की. आपला पैसा आपल्यात फिरू द्या, आपला माणूस उभा ऱ्हाऊ द्या.”

तो म्हणत होता ते मी वर्गात शिकवते, अधिक चांगल्या शब्दांत. मला ते पटतंही. तरी रविवारी सकाळी लसणाची फोडणी करताना माझे कान वरच्या गल्लीकडे होते.

अकरापासून माणसं आली. बँडवाले आले, कोर्टात टायपिंग करणारा महारुद्र आला, कॉलेजची पोरं आली. भाकरी चुरून, वरून आमटी ओतून, घाम पुसत जेवली.

“इंद्रजित, तू तिसऱ्यांदा बसलास.”

“ग्रुपचा ॲडमिन हाय मी. तपासणी नको का?”

“तपासणी झाली असंल तर ऊठ, लोकं खोळंबलेत,” महारुद्र म्हणाला, आणि सगळे हसले.

आईला हे आवडलं असतं. ती पदराला हात पुसत प्रत्येकापाशी गेली असती. मी पळी हातात धरून उभी होते आणि ती दाराच्या कोणत्या बाजूला उभी राहिली असती, हे ठरवत होते.

दुपार कलली. तळाशी थोडी आमटी उरली होती. तेवढ्यात शिवकांताकाकू आल्या. हातात डबा.

“आज कांडप बंद आहे काकू,” मी म्हणाले. “आज आमटी आहे.”

“म्हाईत हाय की. वास माजघरापर्यंत आला.” त्यांनी डबा पुढे केला. तो रिकामा होता. “ह्यात दे थोडी.”

इंद्रजित बाहेरूनच म्हणाला, “काकू, इथं बसून खाल्ली तर जास्त पैसे पडत न्हाईत हो.”

“गप रे मेल्या. बाकडं केवढं बुटकं केलंय. बसले तर उठवायला तुला यावं लागंल.”

“येतो की. हात धराल ना माझा?”

काकूंनी गल्लीकडे एकदा पाहिलं, डब्याचं झाकण लावलं, मग गुडघ्यावर हात टेकून बाकड्यावर बसल्या. मी ताट वाढलं. त्यांनी भाकरी चुरली, पहिला घास घेतला आणि थांबल्या.

“मीठ कमी हाय.”

मी मीठ दिलं. त्या सावकाश, मान खाली घालून जेवल्या. इंद्रजित आपल्या दुकानात काहीतरी शोधायला निघून गेला. ताट कोरडं झालं तशी त्यांनी ते पुढे सरकवलं.

“अजून वाढ.”

पळी पातेल्याच्या तळाला खरडली. मी वाढलं. हे वाढायला आईचा हात हवा होता, एवढंच मला सुचत होतं. त्यांनाही तेच सुचलं असावं, कारण त्यांनी घास घेतला नाही.

“विठाबाईची अशीच व्हायची का गं?”

‘हो’ म्हटलं असतं तर त्या सुखानं जेवल्या असत्या. येसूर आईचाच होता, तिनं शेवटचा कुटलेला. पण आमटी माझी होती.

“नाही काकू. तिची वेगळी व्हायची.”

“कशी?”

मी सांगायला तोंड उघडलं. आंबट, तिखट, दाट, जे शब्द आठवले ते कुणाच्याही आमटीला लागू पडणारे होते. काकू ताटात हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.