आहे एक जागा

जहाजावर जायचं ठरलं तेव्हा लेकीला वाटलं, आईला हौस आली. हौस कसली डोंबलाची! मला नुसतं पाणी बघून गरगरतं. मला फक्त एक जागा बघायची होती. जिथून म्हणे आमचे हे मला बघायचे ती.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी भरकटली.

आमचे हे प्रवासी जहाजावर कामाला होते. कप्तान-बिप्तान नव्हेत हं. ज्यांना चालता येत नाही अशा प्रवाशांना चाकाच्या खुर्चीतून जहाजावर चढवायचं, खोलीत पोचवायचं, जेवायला न्यायचं, बंदर आलं की खाली उतरवायचं, हे ह्यांचं काम. चढताना खुर्ची सरळ, उतरताना उलटी, म्हणजे माणूस पुढे कलंडत नाही. दाराला उंबरा आला की पुढची चाकं उचलायची. हलवण्याआधी "निघायचं का?" असं विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. थांबलं की ब्रेक लावायचा, आणि लावलेला ब्रेक पुन्हा एकदा दाबून बघायचा. या वेडापायी सगळं जहाज ह्यांना ब्रेकमामा म्हणायचं. घरी आले तरी खोड जात नव्हती. लेकीच्या बाबागाडीचा ब्रेक ढिला आहे म्हणून चाकाखाली वीट लावून ठेवायचे. त्या विटेला ठेचकाळून माझा अंगठा फुटला. तेव्हा मी ह्यांना जे काही बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

वर्षातले बरेच महिने हे पाण्यावर आणि मी घरी. जहाज सुटायच्या दिवशी मात्र मी धक्क्यावर जायचीच. तिथे दिव्याचा एक खांब होता, त्याच्यापाशी उभी राहायची. एवढ्या गर्दीत माझ्यासारखी बुटकी बाई ह्यांना दिसणार कशी? म्हणून मी एक नारिंगी छत्री घेतली. पाऊस असो नसो, ऊन असो नसो, मी आपली छत्री उघडून उभी. लोक हसायचे. लेक मोठी झाल्यावर चार हात लांब उभी राहायला लागली, जणू ही बाई कोण तिला ठाऊकच नाही.

तर मी वर बघायची. जहाजाला मजल्यावर मजले. सगळ्यात वरच्या कठड्यापासून एकेक चेहरा शोधत खाली यायची. हे कधी दिसले नाहीत. एकदाही नाही! दिसायचं कोण, तर खालच्या मजल्यावर, लाइफबोटी टांगलेल्या असतात त्यांच्याखाली, खुर्च्यांत बसलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या. आणि ही मंडळी माझ्याकडे बघून हात हलवायची. एक आजीबाई तर दोन्ही हातांनी, जशी काही मी तिची सख्खी सून. कोणाचं मन कशाला मोडा, म्हणून मीही हात वर करायची आणि पुन्हा वरच्या मजल्यांकडे बघायला लागायची. मनात म्हणायची, अहो, तुम्ही कशाला हात दुखवताय, ज्याने हलवायचा तो कुठे तडमडलाय?

पण गंमत अशी, की पुढच्या बंदरातून ह्यांचा फोन यायचा आणि पहिलंच वाक्य असायचं, "निळा स्वेटर घातला होतास. थकलेली वाटलीस." नाहीतर, "लेकीने केस कापले का गं? बरे दिसतात." एकदा तर म्हणाले, "नाक लाल झालं होतं. सर्दी झालीय का तुला?" मी उडालेच. एवढ्या लांबून नाकसुद्धा!

"कुठून बघता हो?" असं विचारलं की म्हणायचे, "आहे एक जागा."

बस. त्यापुढे तोंडातून चकार शब्द नाही. मग मीच मनाने तिथे एक गोल खिडकी बसवून टाकली. पितळी कडी असलेली. भोंगा झाला की हे हातातलं काम टाकून तिथे धावत येतात, काचेला नाक लावतात, छत्री दिसेनाशी होईपर्यंत हलत नाहीत. त्या खिडकीच्या जोरावर मी संसार ओढला, खोटं नाही सांगत. लेकीचा ताप, सासूबाईंचं अंथरूण, गळकं छप्पर, सगळं एकटीने निस्तरताना वाटायचं, जवळ नसला तरी बघतो तर आहे ना माणूस.

पुढे हे निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. एकेक शब्द येईपर्यंत चहा गार होतो. आता खुर्ची ढकलणारा माणूस खुर्चीत, आणि ढकलणारी कोण, तर मी, जिला साधी बाबागाडी सरळ नेता आली नाही! मी न विचारता ढकलते म्हणून चिडतात. चिडू देत. ढकलते ना, तेवढं पुरे.

लेकीने आम्हा दोघांची त्याच जहाजाची तिकिटं काढली तेव्हा ह्यांनी साफ नकार दिला. "नको." जिथे आयुष्यभर ताठ उभे राहिले तिथे ओळखीच्या माणसांसमोर बसून जायचं ह्यांच्या जिवावर आलं होतं. मला कळत होतं सगळं. पण मी तरी किती दिवस मन मारायचं? म्हटलं, "ती जागा एकदा दाखवा. पुन्हा काही मागणार नाही." हे अर्ध्या ओठांनी हसले. "चल."

धक्क्यावर खुर्चीसाठी मदतनीस म्हणून एक धट्टीकट्टी बाई आली. तिने ह्यांना बघितलं आणि किंचाळलीच, "ब्रेकमामा!" ती नवी कामाला लागली तेव्हा ह्यांनीच तिला शिकवलं होतं म्हणे. हे मान खाली घालून बसले. ती मात्र मोठी शहाणी. कळवळा नाही, च्‌ च्‌ नाही. समोर उकिडवी बसली आणि विचारलं, "निघायचं का, मामा?" आणि थांबली. हे मान हलवेपर्यंत तिने खुर्चीला हात लावला नाही. लिफ्टपाशी ब्रेक लावला, पुन्हा दाबून बघितला. तेव्हा कुठे ह्यांची मान वर झाली.

मला दम कुठला निघायला! लिफ्टमध्येच तिला विचारलं, "अगं, ती खिडकी कुठल्या मजल्यावर आहे?"

"कुठली खिडकी, मामी?"

"तुम्हा कामाच्या माणसांची. धक्क्याच्या बाजूची. जहाज सुटताना मामा तिथून मला बघायचे ना."

ती हसली. "खिडकी आणि आम्हाला? आमच्या खोल्या सगळ्यात तळाला, तिथे भिंतीपलीकडे नुसतं पाणी. आणि जहाज सुटताना आम्हाला पाय हलवायची सोय नसते. सगळ्या खुर्च्या डेकवर आणायच्या आणि बंदर ओलांडेपर्यंत त्यांच्या पाठीमागच्या मुठी सोडायच्या नाहीत. निघताना हिसका बसतो. एखादी खुर्ची घरंगळली म्हणजे?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे लिफ्टच्या दाराकडे बघत राहिले.

"दुसऱ्या आजोबांना आणून मग तुम्हाला न्यायला येते," असं सांगून आम्हाला खोलीत सोडून ती गेली, आणि मी फुटले. "म्हणजे तुम्ही मला कधी बघितलंच नाही?"

ह्यांनी ओठ जुळवले. मी थांबले. शेवटी आलं, "नाही."

"एकदाही?"

"नाही."

"मग ते स्वेटर? ते केस? माझं लाल नाक? अंदाजपंचे ठोकून द्यायचात होय?"

"ते... ते..." पुढचा शब्द काही केल्या येईना. मग डाव्या हाताने छताकडे बोट केलं. "वर... चल."

"वर काय आहे? समुद्र? तो घाला चुलीत!" म्हटलं आणि पलंगावर बसून रडले. या वयात, पायात बूट, डोक्याला रुमाल, आणि पोरीसारखी हमसून रडले. त्या छत्रीखाली मी वेड्यासारखी कोणाला दाखवायला उभी राहत होते? लेकीला उगीच नाही लाज वाटायची.

ती बाई आली तेव्हा मी तोंड धुऊन बसले होते. मी तणतणत मागोमाग गेले. एकटं सोडणार थोडीच होते!

तो डेक आमच्या खोलीच्या वर, पण जहाजाच्या मानाने खालच्या मजल्यावरचा. कठडा म्हणजे उंच लोखंडी भिंतच, आणि तिच्यावर टांगलेली भलीमोठी लाइफबोट. मी कठड्यापाशी उभी राहिले तर डोळ्यांसमोर काय, तर होडीचं पोट. पांढरा रंग, त्यावर गंजाचे ओघळ. धक्का नाही, माणसं नाहीत, काही नाही. भिंतीला खाली कमरेच्या उंचीवर मात्र आडवी फट ठेवलेली, बसलेल्या माणसाला होडीच्या खालून बाहेरचं दिसावं म्हणून. खुर्च्या तिथे ओळीने लावलेल्या. त्या बाईने ह्यांची खुर्ची फटीशी नेली, ब्रेक लावला, पुन्हा दाबला आणि दोन्ही मुठी घट्ट धरून मागे उभी राहिली.

भोंगा झाला. ती जराशी पुढे झुकली आणि हळूच म्हणाली, "मामा, आज माझं तुम्ही बघाल? दिव्याच्या खांबापाशी. नवरा आहे, खांद्यावर पोरगी, तिच्या डोक्यावर लाल टोपी."

तो तर माझाच खांब!

हे पुढे वाकले. घरी घास घ्यायलासुद्धा न वाकणारा माणूस! बराच वेळ शोधलं. "आले," म्हणाले. आणि डावा हात फटीतून बाहेर काढून हलवायला लागले. "नवरा... वर बघतोय. पोरगी... जांभई देतेय."

ती हसली आणि बाहीने डोळे पुसले. "दाढी केलीय का हो त्याने?"

"नाही."

"हात मेल्या!"

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

तिला वाटलं मला सगळं ठाऊक असणार. "मामांनीच तर सुरू केलं हे, मामी. आम्हाला मुठी सोडता येत नाहीत, वाकता येत नाही. मग खुर्चीतल्या माणसाला सांगायचं, माझं कोणीतरी खाली उभं आहे, तेवढं बघा आणि माझ्या वतीने हात हलवा. वरिष्ठांना कळलं तर नोकरी जायची, प्रवाशांना आपली कामं सांगायची नाहीत असा नियम आहे. पण प्रवाशांनाच भारी आवडतं. सगळा दिवस त्यांच्यासाठी दुसरे करत असतात ना, हे एक काम त्यांना करायला मिळतं."

"आणि घरी का नाही सांगत?"

"सांगितलं तर घरचे खाली म्हाताऱ्यांकडे बघत बसतील, त्यांना दाखवायला उसनं हसतील. आम्हालाच शोधत वर बघत असले की खरा चेहरा दिसतो. मग तो आम्हाला सांगता येतो."

मी ह्यांच्या खांद्याला धरलं. "ती दोन्ही हातांनी हलवणारी आजीबाई?"

"मास्तरीण," हे म्हणाले. थांबले. शब्द शोधला. "तिने... सांगितलं. नाक."

म्हणजे माझं लाल नाक एका मास्तरणीने बघितलं होतं, आणि निळा स्वेटर आणखी कोणी, आणि लेकीचे केस आणखी कोणी. आणि हे मागे उभे राहून ऐकत होते. इतकी वर्षं इतकी अनोळखी माणसं माझ्या नवऱ्याचा हात हलवत होती, आणि मी त्यांच्या डोक्यावरून नवऱ्याला शोधत होते! मला हसू आलं, रडू आलं आणि रागही आला. सगळ्यात जास्त राग तिच्या त्या खाली उभ्या नवऱ्याचा, जो बिचारा आता मान मोडेपर्यंत वरचे मजले धुंडाळत होता.

"हो बाजूला," मी त्या बाईला म्हटलं.

"अहो मामी, मुठी..."

"मी धरते मुठी. घरी कोण धरतं, तुझे वरिष्ठ? बस खाली आणि बघ आपल्या माणसांना."

तिने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली. मी मुठी धरल्या. ती मटकन खाली बसली, फटीत तोंड घातलं, आणि क्षणभराने अशी काही ओरडली की शेजारच्या आजोबांची टोपी पडली. "अहो! इकडे! खाली बघा, खाली! बटाट्या, आई इथे आहे!"

खाली काय झालं ते मला दिसलं नाही. तिची पाठ तेवढी दिसत होती, हसून हसून हलणारी. मग दोर सुटले. हिसका बसला तसं खुर्चीने एकदम अंग ओढलं. मी पाय रोवले आणि मुठी सोडल्या नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर होडीचं पोट, त्याचा उडालेला रंग आणि गंजाचे ओघळ.

"एवढंच दिसायचं तुम्हाला?" मी विचारलं.

"एवढंच."

"आणि माझं काय सांगायची हो ती खुर्चीतली माणसं? सगळ्यात आधी?"

ह्यांनी मान मागे टाकून माझ्याकडे बघितलं. ओठ हलायला लागले. आता या शब्दांसाठी मी बंदर ओलांडेपर्यंतसुद्धा थांबले असते. पण ह्यांना शब्द शोधावे लागले नाहीत. झटक्यानंतर पहिल्यांदाच अख्खं वाक्य आलं, एका दमात, न अडखळता.

"छत्री उघडी आहे."