माझ्या उजव्या कडेचा हात

मी एक फोटो बोलतोय. भिंतीवरच्या चौकटीतला नाही, शाळेच्या कम्प्युटरमधला. मला फडक्याने पुसता येत नाही, हार घालता येत नाही. फक्त उघडता येतं आणि बंद करता येतं.

काहीतरी चुकलंय, हे मला पहिल्यांदा जाणवलं ते उजव्या कडेला. तिथे चौथीतली पायल उभी आहे. तिच्या पुढ्यात मेथीच्या जुड्या आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, टोपली. आणि तिच्या खांद्यावर एक हात आहे. मनगटात दोन हिरव्या बांगड्या, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना डाग. त्या हाताच्या पुढे काहीच नाही. मी तिथेच संपतो.

हात कुणाचा, ते मला माहीत आहे. पण माझ्याकडे बघून ते कुणाला कळणार नाही, याची मला तेव्हापासून धास्ती वाटते.

माझा जन्म जानेवारीतला. चांदूर रेल्वेपासून आठ किलोमीटरवरच्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिच्या पटांगणात आनंद मेळावा भरला होता. गावात भाजीपाला पिकवणारी घरं बरीच, त्यामुळे पोरांनी घरूनच वांगी, मेथी, सांभार आणून दुकानं मांडली होती. विक्री आटोपत आली तेव्हा धर्मेंद्र सरांनी मोबाईल काढला आणि ओरडले, "जवळजवळ या रे! अन् बॅनर झाकू नका!"

शाळेची खिचडी बेबीताई शिजवायच्या. अकरा वर्षं. कुणी मोबाईल वर धरला की त्या सरळ स्वयंपाकखोलीत शिरायच्या. त्या दिवशी पायलनेच त्यांना हाताला धरून ओढून आणलं.

"राहू द्या ना बाप्पा! माह्या लुगड्याले हळद लागून राहिली."

"लागू द्या. पन तोंड असं नका करू ताई, खिचडी करपल्यासारखं," सर म्हणाले.

बेबीताई हसल्या. पायलच्या खांद्यावर हात ठेवून, दात दाखवून, मनापासून हसल्या. नेमक्या त्याच क्षणी मी जन्मलो.

"सर, मले एक कापी देजा बरं. कागदावरची."

"देतो ना! अकोल्याले गेलो की काढूनच आणतो."

सरांचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी. दर शनिवारी ते जायचे आणि सोमवारी रिकाम्या हाताने यायचे. बेबीताई भाताचं पातेलं उतरवता उतरवता विचारायच्या, "काय सर, माहा फोटो मोर्णेत वाहून गेला का?" सगळे हसायचे. सरही हसायचे. "पुढच्या सोमवारी, ताई. नक्की."

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी मला वायरीने कम्प्युटरमध्ये उतरवलं आणि मी प्रतीक्षा मॅडमच्या ताब्यात आलो. मॅडम अमरावतीच्या, नव्यानेच लागलेल्या. कॉलेजात कम्प्युटर शिकलेल्या म्हणून शाळेचे सगळे फोटो त्यांच्याकडे. हुशार, पण भारी घाबरट. प्रिंटर घरघरला तरी दचकायच्या. दारात केंद्रप्रमुखांची गाडी वाजली की हातातला माऊस सुटायचा. त्यांच्या माऊसखाली राहून राहून मलाही तीच सवय लागली असावी. आजही कुणी मला उघडलं की आधी छातीत धस्स होतं. आता काय कापणार?

त्यांची व्यवस्था मात्र बघण्यासारखी. त्या येण्याआधी शाळेचे फोटो नुसते ढिगाने पडलेले असत. झेंडावंदन आणि लसीकरण एकाच फोल्डरात. मॅडमनी वर्षाप्रमाणे कप्पे केले, कार्यक्रमाप्रमाणे नावं दिली, काळोखे फोटो उजळले, वाकडे सरळ केले. मलाही नाव मिळालं. 'आनंद मेळावा १'. एकसारखे चार फोटो दिसले की मॅडमना भीती वाटायची, चुकून भलताच तर नाही ना जाणार वर? म्हणून एका प्रसंगाचा एकच फोटो ठेवायचा आणि बाकीचे काढून टाकायचे, असा त्यांचा नियम होता.

मेळाव्यानंतर चार दिवसांनी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. अहवालाला फोटो जोडा. बॅनर पूर्ण दिसावा, पाहुणे व विद्यार्थी दिसावेत, आकार दोनशे केबीच्या आत. आज चार वाजेपर्यंत.

साडेतीन झाले होते. मॅडमनी मला उघडलं. बॅनर लहान दिसत होता. त्यांनी माझ्याभोवती चौकट आखली आणि उजवी बाजू आत ढकलली. आणखी थोडी. बॅनर मोठा झाला. बेबीताई चौकटीबाहेर गेल्या. मुद्दाम नव्हे हो. मॅडमचं लक्ष बॅनरच्या अक्षरांवर आणि घड्याळावर होतं. कम्प्युटरने रीतसर विचारलं, मूळ फोटोच्या जागी हाच ठेवायचा का?

मॅडमनी 'हो' दाबलं.

मला दुखलं नाही, खोटं कशाला सांगू. उजवीकडून एकदम गार वाटलं, एवढंच. मग मी ग्रुपवर गेलो. सोळा अंगठे आले. कुणीतरी लिहिलं, 'सुंदर नियोजन'. त्या हाताबद्दल कुणी विचारलं नाही.

जूनमध्ये धर्मेंद्र सरांची बदली होऊन ते अकोल्याकडच्या शाळेत गेले. निरोपाच्या दिवशीही बेबीताईंनी हटकलं होतं, "सर, आता तं सोमवारबी गेला तुमचा." सर ओशाळले होते.

आणि दहा दिवसांपूर्वी बेबीताई गेल्या. सकाळी तांदूळ निवडता निवडता छातीत दुखतं म्हणाल्या. अमरावतीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हे मला शाळेतल्या शांततेवरून कळलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ताटांचा आवाज झाला नाही.

आज दुपारी त्यांची मुलगी चंदा आली. नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात कामाला आहे ती. दारातच चप्पल काढून उभी राहिली.

"मॅडम, परवा मायची तेरवी हाय. घरात तिचा एकबी फोटो नाई. आधार कार्डावरचा हाय, त्याच्यात ते वळखूच येत नाई. तुमच्या कम्प्युटरमंदी असंल ना?"

"असेल ना! नक्की असेल. बस तू," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी एकेक कप्पा उघडला. एका फोटोत बेबीताईंची पाठ. एकात वाफेआड अर्धं कपाळ. एकात नुसता पदर आणि पळी. अकरा वर्षांत ती बाई रोज शाळेत होती आणि चेहरा कुठेच नव्हता. मग मॅडमना आठवलं. "थांब, मेळाव्यात काढला होता! हसत होत्या त्या!"

आणि त्यांनी मला उघडलं.

चंदा स्क्रीनजवळ आली. डावीकडून बघत बघत उजव्या कडेशी थांबली. तिने बोट टेकवलं, बरोबर त्या डागावर.

"हा मायचा हात हाय. झाऱ्यानं भाजला होता, मी सातवीत होती तवा." ती वळली. "मॅडम, हात ठेवला अन् माय कापली?"

मॅडमनी माऊस ओढून घेतला. त्यांनी चौकट पुन्हा बाहेर ओढून पाहिली. माझ्या उजवीकडे फक्त पांढरा पट्टा उमटला. मागे जायचं बटण दाबलं, ते फिकटच राहिलं. कचऱ्याची टोपली उघडली. ती रिकामी होती, कारण टोपलीसुद्धा मॅडम दर शुक्रवारी नेमाने साफ करायच्या.

"बॅनर पूर्ण यायला पाहिजे होता गं," त्या हळूच म्हणाल्या. मग स्वतःच्याच वाक्याने दचकल्या.

मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, दारात आले. "आधारवरचाच मोठा करून द्या ना मॅडम. काहून एवढं टेन्शन घेता? चांदूरले फ्रेमवाला करून देते सगळं."

"नाही सर." मॅडमचा आवाज कापत होता, पण त्या नाहीच म्हणाल्या. "त्या हसत होत्या. तोच पाहिजे. धर्मेंद्र सरांच्या मोबाईलमध्ये असेल."

असेल का? मलाही तेवढाच एक आधार आहे. माझा सख्खा भाऊ, अख्खा, न कापलेला, ज्या मोबाईलमध्ये आम्ही जन्मलो तिथे अजून असेल का? की जागा भरली म्हणून कधीच पुसला गेला? उद्या संध्याकाळपर्यंत फोटो चांदूरला पोचला नाही, तर परवा हार कशाला घालायचा? हाताला?

मॅडमनी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. चंदा बाकावर बसून स्क्रीनवरच्या त्या बांगड्यांकडे बघत होती. मॅडमनी निरोप पाठवला, 'सर, लगेच फोन करा.' त्याखाली एकच टिक आली आणि तशीच राहिली.

तोवर मला तुमच्याशी बोलू द्या. तुम्हीही कुठल्यातरी शाळेत फोटो लावत, कापत, पाठवत असाल. कापा. आम्ही कापण्यासाठीच हाताशी असतो. पण आधी माझी एक अख्खी प्रत बाजूला ठेवा, आणि चौकट आत ढकलण्यापूर्वी कडेला कोण उभं आहे ते एकदा बघा. मधल्या माणसांचे फोटो पुष्कळ निघतात. कडेच्या माणसाचा आयुष्यात एखादाच असतो. प्रतीक्षा मॅडमना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांना फक्त घाई होती आणि भीती होती. तुम्हालाही असेल.

तिसऱ्यांदा फोन लागला. मॅडमनी तो स्पीकरवर ठेवला, चंदालाही ऐकू यावं म्हणून. एक रिंग. दोन. पाच. चंदा उठून उभी राहिली.

"हॅलो, मॅडम?" धर्मेंद्र सरांचा आवाज. मागे रस्त्याचा गलका.

"सर, मी शाळेतून बोलतेय," मॅडम म्हणाल्या.

पलीकडचा गलका हळूहळू कमी झाला. सर कुठेतरी आडोशाला गेले असावेत. मग तेच म्हणाले,

"बेबीताईच्या फोटोसाठी ना?"