वेलीच्या काठाचा रुपया

नत्थुजी सोनारानं रुपया ऐरणीवर ठेवला, उचलला, पुन्हा उजेडाला धरला.

“माणिकबाई, याच्या काठाले दाते नाई. वेल हाय. असा रुपया म्या पायला नाई.”

“जमुनाबाईच्या पेटीतला हाय. टाकाले तिचीच चांदी लागते ना? मंग ठोका.”

दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे चांदीवर ठोकलेली तिची मूर्त, गळ्यात बांधायचा, अशी तेव्हा रीत होती. चार वर्षं माणिकबाईनं ती टाळली. पण तिच्या पोरीचा, शालूचा, ताप एकविसाव्या दिवशीही हटेना, तेव्हा शेजारच्या गोदाबाईनं तोंडावरच सांगितलं, “पयलीले तू गळ्यात जागा देल्ली नाई, म्हनून ते पोरीपाशी येऊन बसते.”

टाक बांधून ती घरी आली, तर दारात मोटार उभी. ती मागच्या दारानं आत शिरली. नवरा चंद्रभान अकोल्याच्या सरकारी खजिन्यात पोतदार, नाणी पारखणारा. ओसरीवर त्याच्यापाशी नागपूरचे वकीलसाहेब बसले होते, जुन्या नाण्यांचे शौकीन.

“टाकसाळीत आधी असे दोन-चार नमुने पाडतात,” वकील सांगत होते. “पसंत पडले नाहीत की वितळवतात. त्यातला हा तुमचा वेलीच्या काठाचा रुपया वाचलेला. मला द्या, पोरीला आत्ताच मोटारीत घालून नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेतो.”

चंद्रभान आत आला. जमुनेची पेटी उघडली, तळापर्यंत हात घातला. मग त्याला माणिकबाईच्या गळ्यातला काळा दोरा दिसला. त्यानं टाक उलटून पाहिला. कडेला वेलीचं अर्धं पान तेवढं उरलं होतं.

“कोनं केला?”

“नत्थुजीनं.”

तो बाहेर गेला. “साहेब, माफी करा. द्याचा नाई मले.”

“भाव वाढवता का, पोतदार?”

“तसंच समजा.”

मोटार गेली.

“मले सांगतलं काहून नाई?” माणिकबाईनं विचारलं.

“तिच्या पेटीले तू कधी शिवतच नव्हती. तिथंच ठेवला मंग.” तो शालूच्या उशाशी बसला. “पाय बरं, ताप उतरला का?”

तिनं पोरीच्या कपाळावर तळहात ठेवला.

“उतरला वाटते,” ती म्हणाली. आणि त्याचा हात तिथं लागू नये म्हणून तिनं आपला हात उचललाच नाही.