दोन कागद आणि मधली खिंड

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन घड्याळं. एकात सात वाजलेत, दुसऱ्यात दीड. दुसरं बंद पडलेलं नाही.

दाढांचे दोन एक्स-रे, जॅकेटच्या खिशात विसरलेले.

तीस टक्के.

डोंगरातल्या खिंडीत एक मनोरा आहे, मनोऱ्याला एक राखणदार आहे, राखणदाराकडे फोन आहे.

मास्तरांच्या वहीत एक ओळ कोरी.

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं, तर दोऱ्याचं टोक डॉक्टरीणबाईंच्या हातात आहे. बाई दातांच्या डॉक्टर. वय सेहेचाळीस. ज्या वयात लोक गुडघे चोळत बसतात, त्या वयात बाईंनी विमान शिकायला घेतलं. आज एकटीनं लांबच्या विमानतळावर जाऊन यायचं होतं. मध्ये डोंगराची रांग, रांगेत ती खिंड.

मास्तर म्हणजे बाईंना शिकवणारे जुने वैमानिक. त्यांनी काल बजावलं होतं, “दहाच्या ठोक्याला सांगायचं, जाणार की नाही. मी तोंड उघडणार नाही. हवेचा अंदाज तुम्ही वाचा, ठरवा तुम्ही. दोनदा चुकलात. आता चुकलात तर एकटीनं उडणं बंद, परत माझ्या शेजारी बसून पहिल्या धड्यापासून.”

आणि अंदाजाचा कागद म्हणजे ना धड भाषा ना धड गणित. आकड्यांना अक्षरं चिकटलेली, अक्षरांना आकडे, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. बाईंनी तो साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

“बावीस शून्य चार, बावीस शून्य आठ,” त्या पुटपुटल्या. “म्हणजे रात्री बावीस वाजून चार मिनिटं ते बावीस वाजून आठ मिनिटं. चारच मिनिटं धुकं? असं कसं असेल?”

“आज तारीख किती?” नणंदेनं ओट्याकडून विचारलं. नणंद मोठी, तिनं जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता.

“बावीस.” बाई थांबल्या. “अगं बाई! बावीस ही तारीख. वेळ चार ते आठ. मग सुटले की, वन्सं! आठला संपतंय, मी निघणार दहाला.”

नणंदेनं लाटण्यानं दुसरं घड्याळ दाखवलं. “मग हे भुताचं घड्याळ कशाला टांगलंयस? जगातल्या सगळ्या विमानांचं एकच घड्याळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असं तूच परवा माझं डोकं खाल्लंस. चार ते आठ म्हणजे आपले साडेनऊ ते दीड.”

बाई खुर्चीत बसल्या.

“बरं, काय होणार आहे साडेनऊ ते दीड?”

“तीस टक्के शक्यता. टेम्पो. धुकं, तीन हजार मीटरच्या पुढचं दिसणार नाही.”

“धावपट्टीवर टेम्पो कशाला?”

“टेम्पो म्हणजे थोडा वेळ, वन्सं. येईल, जाईल.”

“म्हणजे बहुधा येणारच नाही, आणि आलं तरी टिकणार नाही. माझ्या भावाची पत्रिका आहे ही.”

“त्याच्याशीच संसार करतेय, तरी मला कळत नाहीये,” बाई म्हणाल्या.

(तीस टक्के म्हणजे नेमकं काय? दहांतल्या तीन सकाळी? की आकाशाचे शंभरातले तीस हिस्से? बाई रोग्याला विचारत, दुखतं का? रोगी म्हणे, कधी कधी. तेव्हा त्या चिडत. आता कागद तसंच बोलत होता.)

साडेनऊ. क्लबाची खोली. इथल्या विमानतळाचा कागद स्वच्छ: वारा बेताचा, दहा किलोमीटरपर्यंत दिसेल, ढग नावाला. पलीकडच्याचा कागद तीस टक्केवाला. बाईंनी पलीकडे फोन लावला.

“धुकं?” तिथला माणूस हसला. “अहो, ऊन असं लख्ख पडलंय की गॉगल लावून बसलोय. या खुशाल!”

मग जायचं. पण दीड वाजेपर्यंत शक्यता आहेच, मग नाही जायचं. पण सत्तर टक्के तर माझ्या बाजूनं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाईंनी रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाती आले ते एक्स-रे.

काल एक माणूस गाल धरून आला होता. नर्सनं पुढच्या दाढेचा फोटो काढला, मागच्या दाढेचा काढला. दोन्ही निरोगी. माणूस मात्र कळवळत होता. बाई नर्सवर खेकसल्या होत्या, “मधलीचा फोटो कुठाय?”

बाईंनी एक्स-रे टेबलावर ठेवले. शेजारी दोन कागद ठेवले. अंदाज विमानतळाचा असतो, धावपट्टीभोवती आठेक किलोमीटरचं वर्तुळ, बस. इथलं वर्तुळ, तिथलं वर्तुळ. मध्ये नव्वद किलोमीटर. वाटेचा कागद वेगळा मिळतो, तो त्यांनी मागितलाच नव्हता.

त्या बाहेर आल्या. विमान उन्हात चमकत होतं. आकाश असं निळं की नाही म्हणायची लाज वाटावी.

“दहा वाजले,” मास्तर म्हणाले.

“नाही जात.”

“पलीकडे ऊन आहे म्हणतात.”

“आहे. इथंही आहे.”

“मग?”

“माझ्याकडे दोन दाढांचे फोटो आहेत, मास्तर. मधलीचा नाही.”

“दाढ?”

“म्हणजे वाटेचा कागद. मागायला विसरले. खिंडीत काही नसेलही. मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून जात नाही. हे बरोबर आहे का?”

मास्तरांनी वही उघडली, कोऱ्या ओळीत काहीतरी लिहिलं आणि बाईंना दिसायच्या आत मिटली.

“पास की नापास?”

“उद्या तीन कागद घेऊन या.”

“एकटीनं उडायला की तुमच्या शेजारी बसायला?”

मास्तर चहाच्या टपरीकडे निघाले होते. दुपारी दोनपर्यंत बाई बाकावर बसून होत्या. इथं धुकं आलं नाही. फोन करून विचारलं, तिथंही आलं नाही. नणंदेचा निरोप आला, उडालीस की बसलीस? बाईंनी तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा पुसलं.

पावणेदहाला खिंडीतल्या राखणदारानं मास्तरांना फोन करून सांगितलं होतं, की त्याला स्वतःचं फाटक दिसत नाही.